‘पुढे शून्य’ की ‘आधी शून्य’? झीरो पॅडिंगला मराठीत काय म्हणावे

प्रश्न : एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोंवर, म्हणजे एक्सेलमधली कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर, ऑफिसातल्या लोकांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. ७ चे ००७ करणे, म्हणजे झीरो पॅडिंग. मी ‘आकड्यापुढे शून्ये लावणे’ असे लिहिले, तर एकीने विचारले, “म्हणजे ७००?” नेमका शब्द हवा आहे.

उत्तर : तिची शंका रास्त आहे. ‘एकापुढे सहा शून्ये’ म्हटले की कोणीही दहा लाख समजेल. पण ‘नावापुढे डॉक्टर लावले’ यात डॉक्टर नावाच्या आधी येतो. ‘पुढे’ दोन्हीकडे चालतो, म्हणून इथे तो नकोच. ‘आधी’ किंवा सरळ ‘डावीकडे’ म्हणा. नाम हवे असेल तर ‘अग्रशून्य’ कळण्यासारखा आहे. ‘शून्यभरण’ मात्र मला परिभाषा कोशासाठी घडवल्यासारखा वाटतो, बोलताना कोणी वापरणार नाही.

उत्तर : क्रियापदही बघा. ‘लावणे’ म्हटले की ठरावीक शून्ये चिकटवली असे वाटते. इथे ठरलेली असते ती रुंदी. ‘फॉरमॅट’ फंक्शनला अवतरणचिन्हांत तीन शून्ये दिली की ७ चे ००७ होते, ४५ चे ०४५, आणि १२३४ जसेच्या तसे राहते. म्हणून ‘डावीकडे शून्ये भरून किमान तीन अंकी करणे’. यातला ‘किमान’ गाळू नका. बरेच जण आधी तीन शून्ये जोडून ‘राइट’ने शेवटची तीन अक्षरे घेतात. तिथे १२३४ चे २३४ होते, कसलीही एरर येत नाही आणि १२३४ आणि २३४ या दोन बिलांना एकच नंबर बसतो. आकड्याचा मजकूर करायला ‘एसटीआर’ फंक्शन वापरले तर आणखी घोळ : ते धन संख्येआधी चिन्हासाठी एक जागा रिकामी सोडते, त्यामुळे दोन शून्ये जोडली की ‘०० ७’ मिळते. ‘सीएसटीआर’ तसे करत नाही.

उत्तर : ‘शून्ये भरणे’ आणि ‘शून्ये दाखवणे’ हे टिपणात वेगळे ठेवाच, लोक खरे अडकतात ते इथे. सेलच्या ‘नंबरफॉरमॅट’ला तीन शून्ये दिली तर दिसते ००७, पण आत किंमत ७ च असते आणि बेरीज नीट होते. ‘फॉरमॅट’ फंक्शन मात्र मजकूर परत करते. फायलींच्या नावांना तोच हवा, कारण नावे अक्षरांच्या क्रमाने लावली तर १० हा २ च्या आधी येतो. पण तोच मजकूर जनरल, म्हणजे खास फॉरमॅट न दिलेल्या, सेलमध्ये टाकला की एक्सेल त्याचा पुन्हा आकडा करते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० टाकला तर २० उरतो. आधी सेलला अॅट चिन्हाचा, म्हणजे टेक्स्ट फॉरमॅट द्यावा, मग मजकूर टाकावा.

प्रश्नकर्ता : छान. मग ‘डावीकडे शून्ये भरून किमान तीन अंकी करणे’ हेच ठेवतो. ऋण संख्येलाही हे वाक्य लागू पडेल ना?

उत्तर : पडेल. उणे ७ चे ‘-००७’ होते. अक्षरे चार, अंक तीनच. फक्त ‘तीन अक्षरी’ कुठे लिहू नका.