पांढऱ्या माशीच्या सीओआयमध्ये मधेच स्टॉप कोडॉन: नवी जात की माझी चूक?

कपाशीवाली: एमएस्सीचं दुसरं वर्ष. अकोल्याच्या बाजूला कपाशी आणि वांग्यावरून पांढऱ्या माश्या गोळा केल्या. एका ट्यूबमध्ये एकच माशी, अख्खी कुटलेली. सीओआयचे, म्हणजे जात ओळखायला वापरतात त्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचे, पंधरा सीक्वेन्स आले. प्रोटीनमध्ये भाषांतर केलं तर सगळ्यांत जागोजागी स्टॉप, म्हणजे ‘प्रोटीन इथे थांबवा’ सांगणारे तीन अक्षरी कोडॉन! शिवाय वांग्यावरच्या दोन माश्या ट्रीमध्ये (वंशवृक्षात) भलत्याच फांदीवर जाऊन बसतात. गाईड सर खूश आहेत, नवी जात म्हणतात. माझी मात्र झोप उडालीय.

जुनाखोडकिडा: ते स्टॉप टीजीए आहेत का, आधी बघा. सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा कोड (कोडॉनचे अर्थ लावायचा तक्ता) ठेवला असणार. किड्यांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. कोड ५ (किड्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा) निवडून परत चालवा. इथे आम्ही सगळेच एकदा आपटलोय.

कपाशीवाली: तेरा स्वच्छ झाले, आशिया १ या पांढऱ्या माशीच्या ओळखीच्या जातीशी जुळतात! पण त्या दोघींत एक टीएए (हा कोड ५ मध्येही स्टॉपच) अजून आहेच, आणि पुढे एक अक्षर गळालंय.

जुनाखोडकिडा: मग ती जात नाही, भूत आहे. मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा कधीकाळी केंद्रकात जाऊन बसतो. तिथे त्याला काम नसतं, म्हणून चुका साचत जातात. प्रायमर (नकला कुठून काढायच्या ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) नीट बसला नाही की पीसीआरमध्ये तोच वाढतो. याच माशीत हे घडलंय. रियुनियन बेटावरून एमईएएम २ अशी जात नोंदली गेली, मग ती जपान, पेरू, तुर्कस्तान, इराकमध्येही ‘सापडली’. पेरूच्या माश्यांचा अख्खा मायटोजीनोम (मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए) काढायला गेले तर हाती आला एमईएएम १ या आधीच माहीत असलेल्या जातीचा! २०१७ च्या त्या पेपरने ही जातच खोटी ठरवली. तुम्ही प्रायमर बदलून बघा.

मिरचीतला_फुलकिडा: पैसे असतील तर ताई, त्या दोघींचा अख्खा मायटोजीनोमच करा. ३७ जनुकं, पंधरा-सोळा हजार अक्षरं. सीओआयच्या साडेसहाशे अक्षरांवर नातं ठरवण्यापेक्षा बरं. फक्त डीएनएचा एकच गोल मिळेल असं प्रत्येक किड्यात धरून चालू नका. मिरचीवरच्या फुलकिड्याच्या दक्षिण आशियाई प्रकारात दोन गोल निघालेत, एक चौदा हजारांवर आणि दुसरा हजाराच्याही आत. धाकटा असेंब्लीत (सीक्वेन्सचे तुकडे जोडताना) सहज निसटतो.

कपाशीवाली: पैसे नाहीत. डीएनए उरलाय दहा मायक्रोलिटर. सोमवारी नव्या प्रायमरने लावते. सरांना आत्ता सांगू की निकाल आल्यावर?

जुनाखोडकिडा: आत्ताच. त्यांनी पेपरचं शीर्षक टाईप करायच्या आत.