डॉटनेटमध्ये मूळ कॉल कोणत्या असेंब्लीतून (संकलित कोडच्या गठ्ठ्यातून) आला?
‘गेटकॉलिंगअसेंब्ली’ या मेथडने कॉल मुळात कोणत्या मॉड्यूलमधून आला ते कळते, असे एक मत आहे, पण ते अर्धेच खरे आहे; ती मेथड केवळ लगतच्या कॉलरची, म्हणजे थेट कॉल करणाऱ्या कोडची, असेंब्ली देते, आणि जेआयटीने (प्रोग्रॅम चालताना कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या कंपायलरने) मधली मेथड इनलाइन केल्यास, म्हणजे कॉलऐवजी तिचा कोडच तेथे घातल्यास, तेही उत्तर बदलते. आमच्याकडे इंदूरला बिलिंगच्या कोडमधील सामायिक लॉगर (नोंदी लिहिणारा कोड) आतल्या सहायक मेथडमधून ती वापरत असे, त्यामुळे प्रत्येक नोंदीवर लॉगरचेच नाव उमटे. त्याऐवजी ‘स्टॅकट्रेस’च्या (सुरू असलेल्या कॉलच्या साखळीच्या) फ्रेम, म्हणजे कड्या, एकेक करून तपासाव्यात आणि लॉगरबाहेरची पहिली असेंब्ली मिळताच थांबावे, हे खर्चिक असल्याने आम्ही फक्त त्रुटींच्या नोंदींपुरतेच ठेवले आहे. ‘अवेट’नंतर (असिंक काम पूर्ण होण्याची वाट पाहून कोड पुढे सुरू झाल्यावर) मात्र मूळ कॉलर स्टॅकवर, म्हणजे त्या साखळीत, बहुधा उरत नाही, तेथे मॉड्यूलचे नाव पॅरामीटरनेच पाठवावे, कितीही जुनाट वाटले तरी.