मुलांच्या वजनाचे उपचार मध्येच का सुटले? तुमचा अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. आम्ही गुहागर तालुक्यातले. लेकाची मान मागून काळी पडली होती. मी मळ समजून रोज घासायचे. डॉक्टर म्हणाले, शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की असं होतं, वजन आटोक्यात आणूया. दर महिन्याला चिपळूणला बोलावलं. पहाटेची एसटी, त्याची शाळा बुडायची, ह्यांची मजुरी बुडायची. सहाव्या खेपेला काटा तसाच, ४२ किलो. "घरचे मनावर घेत नाहीत," एवढं ऐकून परत आलो ते आलोच. पुढे कधीतरी केसपेपर उघडला, तर त्याच सहा महिन्यांत उंची ३ सेंटीमीटरनं वाढलेली. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन, उतरला होता! त्या दिवशी कुणी एवढं बोललं असतं, तर आम्ही सोडलं नसतं.

*

कुडाळ. आमच्याकडे सासूबाई. "माझ्या नातवाक उपाशी मारतलंस काय?" मी ताटात एक घावन कमी वाढायचे, त्या मागीलदारी नेऊन दोन द्यायच्या. त्यांच्यावर राग नाही माझा. त्यांनी उपासमार बघितली आहे. पण दवाखान्यात एकदाही त्यांना बोलावलं नाही, सगळं मलाच सांगितलं.

*

आंब्याचा हंगाम. मार्च ते मे मला बाग सोडता येत नाही. तीन तारखा चुकल्या, मग जायची लाज वाटली.

*

मी रत्नागिरीत आहारतज्ज्ञ आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या सूचनांत ३ ते १२ महिन्यांत कुटुंबासोबत किमान २६ तास घालवा, असं आहे. इथे खेड्यातून येणाऱ्याचा एका भेटीला अख्खा दिवस जातो. शिवाय माझ्याच जुन्या तक्त्यात ओट्स नि ब्रोकोली होती, हे कबूल करते. आता पेज, कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं लिहिते, खारी-टोस्टाचा पुडा घरात आणूच नका म्हणते आणि मधल्या महिन्यांत फोनवर बोलते. माणसं टिकतात.

*

मी आता १९ वर्षांची आहे. तेव्हा सातवीत होते. दवाखान्यात रांगेत उभं करून वजन करायचे आणि ताई आकडा मोठ्यानं सांगायच्या, दुसऱ्या लिहून घ्यायच्या. मागे आमच्याच वर्गातला मुलगा होता. पुढच्या महिन्यात निघायच्या वेळी आईला सांगितलं, पोट दुखतंय. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आईला अजून वाटतं, मला एसटी लागायची.