हॉकिन्स कुठे थांबतो आणि वेब्स्टर कुठे सुरू होतो?

ठायलय:
सध्या जॅझमधला 'कोलमन हॉकिन्स एन्काउंटर्स बेन वेब्स्टर' ऐकतोय. अल्बम झकास आहे, पण दोघांच्याही हातात टेनर सॅक्सोफोनच! 'ला रोझिता'त तर दोघं एकत्र वाजवायला लागले की माझा पार गोंधळ उडतो. ओळखायची काही खूण?

खर्ज:
आहे. सुराच्या शेवटाकडे कान द्या. संथ चालीत वेब्स्टरचा सूर आधी संपतो, श्वास नंतर. शेवटी नुसती हवा ऐकू येते. हॉकिन्स असं काही सांडू देत नाही. त्याचा आवाज भरीव, कडा टणक, आणि लक्ष सगळं कॉर्ड्सकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांकडे. एका कॉर्डचे स्वर चढून-उतरून झाले की लगेच पुढची. वेब्स्टर मूळ चालीला धरून राहतो, चार स्वरांत भागत असेल तर पाचवा घेत नाही. १९४० ते ४३ ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये ऑल्टो सॅक्सोफोनवाल्या जॉनी हॉजेसच्या संगतीत होता, सूर घसरवत नेण्याची लकब तिथली.

फक्त याच अल्बममधल्या 'ब्लूज फॉर योलांड'पासून सुरुवात करू नका. उडत्या चालीत वेब्स्टरही घोगरा होतो. खरखर ऐकू आली की हॉकिन्स, असा हिशोब मांडलात तर फसाल. आधी 'प्रिझनर ऑफ लव्ह' ऐका.

निळावंती:
+१. शिवाय दोघांना आधी वेगवेगळं ऐका. हॉकिन्ससाठी १९३९चं 'बॉडी अँड सोल'. जेमतेम तीन मिनिटांचं, आणि मूळ चाल सुरुवातीला जरा दिसते तेवढीच. वेब्स्टरसाठी 'सोलव्हिल' हा अल्बम, त्यातलं 'टाइम ऑन माय हॅन्ड्स'. गंमत म्हणजे 'सोलव्हिल' १५ ऑक्टोबर १९५७चं आणि तुमचा अल्बम १६चा! पियानोवर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, बासवर रे ब्राउन तेच, फक्त ड्रमवाला बदलला.

ठायलय:
लागोपाठ दोन दिवस? मग पियानोवर ऑस्कर पीटरसन असून इतका शांत कसा?

खर्ज:
एरवी त्याची बोटं स्वस्थ बसत नाहीत, हे खरं. पण साथीला बसला की त्याला जागा सोडता येते, आणि समोर हे दोघं म्हातारे जागा मागून घेणारे. म्हातारे म्हणजे काय, हॉकिन्स १९०४चा, वेब्स्टर १९०९चा. पन्नाशीच्या आसपासचेच!

'सोलव्हिल'ची सीडी घेतलीत तर शेवटी तीन जादा तुकडे आहेत, त्यांत वेब्स्टर पियानो वाजवतो. तो मुळात पियानोवालाच. तिथे मात्र गोंधळ व्हायचा नाही, सॅक्सोफोनच नाही.