बँक : नदीचा काठ आणि पैशांची पेढी एकाच शब्दात कशी?

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याचे. विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरींवर इंग्रजीत चार ओळी लिहिताना मुलीने काठासाठी 'बँक' हा शब्द वापरला, तेव्हा आजीने विचारले, "मगरी बँकेत कशाला गेल्या?" या दोन अर्थांचा परस्परांशी काही संबंध आहे का?

उत्तर १ : संबंध आहे, पण दूरचा. काठ या अर्थाचा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियन भाषांतून आला आणि मुळात तो उंचवटा किंवा उतार दाखवतो. म्हणूनच वळताना विमान एका अंगावर कलते, त्यालाही हाच शब्द आहे. पेढीचा शब्द मात्र इटालियन 'बांका', म्हणजे सराफाचे बाकडे, यावरून फ्रेंचमार्गे आला. गंमत अशी, की इटालियनने तो जर्मानिक भाषांकडूनच उचलला होता आणि स्कँडिनेव्हियन भाषाही जर्मानिकच, त्यामुळे दोन्ही शब्द अखेर एकाच कुळातले ठरतात.

उत्तर २ : आपला 'बाक'ही त्याच गोतातला, पोर्तुगीज 'बांको'वरून आलेला. दिवाळखोरीचा इंग्रजी शब्द 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेले बाकडे, यावरून आला. मात्र बुडालेल्या सराफाचे बाकडे खरोखरच फोडत असत, ही कथा मी जपूनच सांगेन.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापली, एवढेच आजीला ठाऊक होते. आता घरातल्या बाकालाही ती 'आमची बँक' म्हणते.