किराणा मालाच्या गाडीवर नव्याने रुजू होत आहे: लातूर-औसा-किल्लारी फेरीबाबत मार्गदर्शन हवे

प्रश्न (मूळ गाव गंगाखेड, सध्या लातूर)

नमस्कार. माझे वय २४ असून गेली चार वर्षे मी गावाकडे जीप आणि ट्रॅक्टर चालवत आलो आहे. येत्या सोमवारपासून लातूरच्या एका किराणा होलसेल व्यापाऱ्याकडे ४०७ गाडीवर (टाटाचा छोटा ट्रक) चालक म्हणून रुजू होत आहे. सकाळी गोदामात माल भरायचा, औसा, लामजना, किल्लारी या बाजूच्या पंधरा-सोळा दुकानांत तो उतरवायचा आणि संध्याकाळी वसूल झालेली रोकड व पोचपावत्या घेऊन परतायचे, असे कामाचे स्वरूप आहे. गाडी चालवायला मी घाबरत नाही, मात्र हिशेबाची धास्ती वाटते, कारण जो माल कमी पडेल तो चालकाच्या पगारातून कापला जाईल, असे शेठनी पहिल्याच भेटीत सांगितले आहे. हेल्पर रोज मिळेलच याची खात्री नाही. शिवाय माझा परवाना हलक्या वाहनाचा आहे, त्यावर मालवाहतुकीची वेगळी नोंद नाही. तो चालेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (लातूर, २२ वर्षे चालक)

भाऊ, तुमची धास्ती योग्य जागी आहे. मी या कामाला लागलो तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात माझ्या पगारातून तेलाच्या एका डब्याचे पैसे कापले गेले. दुकानदार गिऱ्हाइकांत गुंतला होता, "ठेवा तिथे, मी मोजून घेतो," असे म्हणाला आणि पुढची पाच दुकाने राहिली आहेत या घाईत मी सही घेऊन निघालो. संध्याकाळी त्याचा फोन आला की बारा डबे लिहिले आहेत आणि आले अकराच. तो खोटे बोलत होता असे मी आजही म्हणणार नाही. डबा कदाचित गोदामातूनच कमी आला असेल. परंतु गोदामात मी मोजला नव्हता आणि दुकानातही मोजून दिला नव्हता, त्यामुळे बोलायला माझ्याकडे तोंडच उरले नाही.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी मोजतो. गोदामात हमाल नग गाडीत टाकत असताना फाळक्याजवळ उभे राहून दर पाच नगांमागे यादीवर एक रेघ ओढतो आणि यादी जुळल्याशिवाय गोदामाच्या वहीत सही करत नाही. दुकानात मात्र आकडा दुकानदाराच्या तोंडून वदवून घेतो. डबा गळका असेल, कट्टा फाटलेला असेल, तर ते दोन्ही प्रतींवर त्याच्याच हाताने लिहून घ्यावे आणि मगच सही घ्यावी. यात प्रत्येक दुकानामागे चार-पाच मिनिटे जास्त जातात, ती जाऊ द्यावीत. रोकडही त्याच्यासमोरच मोजावी आणि दुकानागणिक वेगळ्या पाकिटात ठेवून वर बिलाचा क्रमांक लिहावा.

माल भरताना शेवटच्या दुकानाचा माल आधी, म्हणजे केबिनच्या बाजूला जातो, हे तुम्हाला ठाऊक असेल. तरी हमाल स्वतःच्या सोयीने भरतात, म्हणून तिथून हलू नये. साखर, मीठ आणि तेल तळाशी, बिस्किटांची खोकी वर. साबण आणि धुण्याची पावडर चहा-पिठापासून दूर ठेवावी, कारण उन्हाळ्यात ताडपत्रीखाली वास लागतो आणि मग चहाचा अख्खा बॉक्स परत येतो.

हेल्पर नसेल त्या दिवशी गल्लीत गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून मागची बाजू स्वतः पाहून यावे, दर वेळी आणि कंटाळा न करता. हेल्पर असला तर त्याने तुमच्या आरशात दिसेल असेच उभे राहावे, आणि तो दिसेनासा झाला की ब्रेक दाबावा. लातूरच्या गंजगोलाई बाजाराला सोळा रस्ते फुटतात, पण तिथल्या गर्दीपेक्षा मला गावातली शाळा सुटण्याची वेळ अधिक अवघड वाटते.

उत्तर २ (औसा तालुका, किराणा दुकानदार)

मी माल घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. सकाळी आठ ते दहा आमच्याकडे दूध, साखर, चहापत्ती यांची गिऱ्हाइकी असते. त्या वेळेत गाडी आली की मोजणी घाईची होते आणि पुढचे वाद तिथूनच सुरू होतात. दुपारी आलात तर आम्हीही नीट मोजून घेतो. प्रत्येक गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो हे वहीत लिहून ठेवा, कारण त्या दिवशी दुकानासमोर गाडी लावायला जागा सापडत नाही.

पत्ता विचारताना एक काळजी घ्या. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातील अनेक गावे दुसऱ्या जागी वसवली गेली, त्यामुळे गावाचे नाव एकच असले तरी दुकान पुनर्वसित गावात आहे की जुन्या गावठाणाजवळ, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे. पावसाळ्यात समोरून गाडी आली म्हणून साइडपट्टीवर चाक उतरवू नका. ही काळी माती वरून कोरडी दिसते आणि भरलेली गाडी आत ओढून घेते. मग ट्रॅक्टर बोलावण्यात दिवस जातो. कारखाने सुरू असताना अंधार पडण्यापूर्वी परतीला लागावे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे दिवा नसला तर अगदी जवळ जाईपर्यंत त्या दिसत नाहीत.

उत्तर ३ (नांदेड, मालवाहतूक कार्यालयात नोकरी)

परवान्याबाबत निश्चिंत राहा, मात्र आर.सी. म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकातले एकूण वजन पाहून घ्या. ज्या वाहनाचे मालासह एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही, ते हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते आणि त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. ४०७ या मर्यादेत बसते. पुढे मोठ्या आयशर ट्रकवर जायचे ठरले तर जड वाहनाचा परवाना काढावा लागेल.

आर.सी., विमा, फिटनेस, परमिट आणि पीयूसी यांच्या मुदती पहिल्याच दिवशी पाहा. यातले एखादे संपलेले असेल तर मालकाला ते लेखी, निदान मोबाइलवर संदेश पाठवून कळवावे. राज्यातल्या राज्यात १ लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालासोबत ई-वे बिल (जीएसटीखालील मालवाहतुकीची ऑनलाइन पावती) लागते. बिदरकडे, म्हणजे कर्नाटकात जायचे झाल्यास ही मर्यादा ५० हजारांची आहे. जादा माल भरण्याला मात्र ठाम नकार द्यावा. साखरेचे ५० किलोचे ४० कट्टे म्हणजेच २ टन होतात, आणि त्यावर तेल चढले की गाडीची क्षमता कधी ओलांडली ते कळतही नाही. मर्यादेबाहेर माल आढळल्यास २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे, शिवाय भरलेल्या गाडीला ब्रेक उशिरा लागतो ते वेगळेच.

पगार कापण्याविषयी माझे स्पष्ट मत असे की, गोदामात मोजून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. गाडीत किती माल चढला यावर गोदामवाल्याची सही नसेल, तर तुटीचा सगळा भार चालकावर टाकणे हा अन्याय आहे. हे आजच बोलून घ्या.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी शेठना भेटून आलो. विम्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते, ते त्यांच्या नजरेस आणून दिले. पहिले पंधरा दिवस हेल्पर देण्याचे आणि गोदामाच्या वहीत दोघांच्या सह्या घेण्याचे त्यांनी मान्य केले. दुकानात तूट निघाल्यास काय करायचे, यावर मात्र "महिनाभर काम बघू, मग ठरवू," एवढेच ते म्हणाले. मोजणीसाठी वही घेतली आहे आणि सोळाही दुकानांचे बाजाराचे वार विचारून त्यात उतरवले आहेत.