मदत हवी आहे: कमोडची लाइन बीमला अडतेय, सोमवारी प्लास्टर सुरू

लाल_माती
गावी (लांजा तालुका) घर बांधतोय. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये कमोडची चार इंची लाइन बीमला अडतेय. प्लंबर म्हणतो, बीमला वरून खाच मारून पाइप बसवतो, मध्ये दोन सळया येतात त्या कापून नंतर वेल्डिंग मारून देतो. गवंडी म्हणतो, बीमला हात लावलास तर मी थापी टाकून घरी जाईन. दोघांचं आपसात बोलणं बंद, मी ठाणे शहरात, आणि फोन मात्र दोघांचेही मलाच. सोमवारी आतलं प्लास्टर सुरू करायचंय. मृगाच्या आत ते उरकलं नाही तर सगळं दिवाळीवर जाणार. लवकर सांगा, कापू द्यावं की नाही? वास्तूवाल्यांनी कृपया लांब राहावं.

ओळंबा
कापू देऊ नका. एवढं आत्ताच सांगतो. पुढचं सांगायला माहिती हवी. आरसीसी फ्रेम (सळया-काँक्रीटचे कॉलम-बीम) आहे की चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतींवरच स्लॅब टाकलाय? बीम केवढा? खाच मारायची जागा कॉलमपासून किती लांब?

पाईपवाला
सन्क स्लॅब, म्हंजे पाइपासाठी बाथरूमखाली खोल धरलेला स्लॅब, सोडलाय का न्हाई ते आधी सांगा. सन्क असताना कमोडच्या लाइनीला बीम आडवा यायचं कारणच न्हाई. फोटो टाका एखादा.

लाल_माती
आरसीसी फ्रेम, मधल्या भिंती चिऱ्याच्या. बीम 9 बाय 15 इंच. कॉलमपासून साधारण दोन फूट. सन्क आहे, चांगला फूटभर सोडलाय. फोटो गवंड्याकडे मागितला तर त्याने पाठवला त्यात अर्धा त्याचा अंगठा आणि अर्धं सिमेंटचं पोतं आहे. पुन्हा मागवलाय.

हडसनकाठ
इथे अमेरिकेत आम्ही मागच्या वर्षी बेसमेंट स्वतः फिनिश केलं, म्हणून लिहितोय. इथे भिंतीच्या उभ्या लाकडांना भोक पाडायचे नियम ठरलेले आहेत. भार घेणारी भिंत असेल तर लाकडाच्या रुंदीच्या 40 टक्क्यांपर्यंत भोक चालतं, कडेला खाच मारायची तर 25 टक्के. आडव्या जॉइस्टला (फरशी पेलणाऱ्या लाकडाला) उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत भोक, तेही वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच सोडून. पाइप आणि वायरिंग झालं की इन्स्पेक्टर येऊन बघतो, त्याची सही झाल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही. पेक्सचे (लवचीक प्लास्टिकचे) पाइप वापरा, वाकतात, एल्बो कमी लागतात.

ओळंबा
हडसनकाठ, ते लाकूड. इथे काँक्रीटमध्ये सळया आहेत आणि प्रश्न त्या सळयांचाच आहे. इन्स्पेक्टरचं म्हणाल तर लांज्यात भिंत बंद करायच्या आधी फक्त शेजारी बघायला येतात.

पाईपवाला
मालक, फूटभर सन्क हाय तर चार इंची पाइप त्यात लोळत बसंल. चाळीसला एक उतार धरला तरी पाच फुटात दीड इंच जातो. मग बीम येतोय कुठनं? कायतरी सांगायचं राहिलंय तुमचं.

सायली_क
+1. आमच्या प्लंबरनेही असंच गोंधळवलं होतं. शेवटी कळलं की त्याने कमोडचं तोंड उलट्या भिंतीला धरलं होतं. बाथरूमचा नकाशा टाका ना.

लाल_माती
राहिलं असं नाही, त्याचा इथे संबंध आहे असं वाटलं नाही. बाथरूम नकाशात 5 बाय 7 होतं. स्लॅब पडल्यावर बेडरूमच्या बाजूला तीन फूट वाढवलं, वॉशिंग मशीन बसावं म्हणून. मधली भिंत तोवर चढवलीच नव्हती, त्यामुळे पाडापाडी काही नाही. कमोड वाढीव भागात घेतला, कारण दार उघडल्या उघडल्या समोर कमोड दिसता कामा नये ही घरची अट. सन्क जुन्या 5 बाय 7 लाच आहे. सन्कच्या कडेचा बीम आता बाथरूमच्या मधून जातो. झालं? आता सांगा.

पाईपवाला
हे पयल्या ओळीत लिहायचं हुतं राव.

ओळंबा
आता चित्र स्पष्ट झालं. बीम होता तिथेच आहे, कमोड त्याच्या पलीकडे गेला. वाढीव भागात स्लॅबच्या वर मसाला आणि लादी धरून तुम्हाला जेमतेम तीन-साडेतीन इंच मिळणार. चार इंची म्हणजे 110 मिलिमीटरचा पाइप त्यात मावत नाही, म्हणून प्लंबर बीमचा माथा खायला निघालाय.

माथाच का नको, ते नीट समजून घ्या, म्हणजे त्याला फोनवर सांगता येईल. बीमच्या मधोमध खालच्या सळया ताण घेतात. कॉलमजवळ उलट होतं, बीम कॉलमवरून पुढे जातो तिथे ताण वरच्या सळयांवर येतो. शिवाय कॉलमजवळच रिंगा, म्हणजे मुख्य सळयांभोवतीची कडी, दाट असतात, कारण कातरबल, म्हणजे बीम कापू पाहणारा जोर, तिथे सगळ्यात जास्त. म्हणजे तुमचा प्लंबर नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या सळया कापतोय. वेल्डिंगचं तर नावच नको. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते, साइटवरच्या वेल्डिंगच्या आचेने तोच थर मऊ पडतो. जिने डिझाइन केलं त्या इंजिनिअरला विचारा, तीही हेच सांगेल.

गावठी_इंजिनिअर
खाच नको हे बरोबर, पण बीमला भोक चालतंच नाही असं नाही. बीमच्या उंचीच्या मध्यावर कोअर कटिंग करून (मशीनने गोल भोक कापून) पाइप नेलेले मी स्वतः पाहिलेत. ओळंबा उगाच घाबरवतायत.

ओळंबा
15 इंची बीमला 110 च्या पाइपसाठी पाच इंची कोअर, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांश. कॉलमपासून दोन फुटांवर. एक तरी रिंग तुटणारच. काँक्रीट ओतण्याआधी स्लीव्ह (पाइपसाठी नळकांडं) सोडली असती आणि भोवती जादा रिंगा दिल्या असत्या तर वेगळी गोष्ट. तुम्ही पाहिलेले उभे आहेत हे चांगलंच आहे, त्यावरून दुसऱ्याच्या घराला भोक पाडू नये. आणि मध्यावरून नेऊनही उपयोग काय? वाढीव भागातला स्लॅब बीमच्या माथ्याशी आहे. पाइप आधी स्लॅबमधून खाली उतरणार, मग बीममधून जाणार. दोन भोकं.

गावठी_इंजिनिअर
मग स्लॅबच्या खालून न्या ना, बीमच्याही खालून. सळया चुकवून स्लॅबला भोक पाडता येतं. फॉल्स सीलिंगमध्ये झाकून जाईल.

लाल_माती
त्या भागाच्या बरोबर खाली देवघर आहे. हा पर्याय मी घरी बोलूनही दाखवू शकत नाही.

सायली_क
वॉल हंग कमोड घ्या! त्याचा पाइप मागे भिंतीतून निघतो, फरशीखालून नाही. साधा पी ट्रॅप (मागे आडवं तोंड असलेला कमोड) असला तरी तोंड फरशीपासून सात इंचांवर येतं, बीमच्या वरून सरळ बाहेरच्या भिंतीतून बाहेर. आमच्याकडे वॉल हंगच आहे, खालून पुसून घेता येतं, अजिबात घाण राहत नाही. फक्त आतली लोखंडी फ्रेम भिंतीला पक्की बसवून घ्या आणि टाकीच्या दुरुस्तीसाठी बटणाची प्लेट निघेल अशी ठेवा.

लाल_माती
बाहेरच्या भिंतीला आतून प्लास्टर, बाहेरून चिरा उघडा ठेवून फक्त पॉइंटिंग करायचंय. त्यावर चार इंची पांढरा पाइप? आणि वाढीव भागाच्या बाहेर खाली पडवीचं छप्पर आहे, पाइप कौलांतून खाली न्यावा लागेल.

चिरेबंदी_वाडा
चिऱ्यावरून निघालंय म्हणून लिहिते. आमच्याकडे न्हाणीघर मागच्या दारी होतं, तांब्याचा बंब, आणि सांडपाणी सरळ अळवाला आणि माडाला. कुठला बीम आणि कुठला सन्क. घरात दोन-दोन संडास हवेत कशाला, हेच मला कळत नाही.

पाईपवाला
काकू, त्यांला आता हवेत तर हवेत.

लाल_माती, ऐका. माझा सरळ हिशेब असतो. ज्याचं पाणी फरशीखालनं जातं त्याला सन्क द्यायचा, म्हंजे कमोड आणि नहाणी ट्रॅप (फरशीतली जाळी). ज्याचं पाणी उंचावरनं येतं ते कुठंबी ठेवा. बेसिनचं वेस्ट दीड फुटावर निघतं, सव्वा इंची पाइप भिंतीतनं फिरवून सन्कात आणायचा. तुमी उलटं केलंय, कमोड नेला कोरड्यात आणि बेसिन ठेवलंय सन्कात. अदलाबदल करा. कमोड 5 बाय 7 मध्ये, बेसिन आणि मशीन वाढीव तीन फुटात. खाच न्हाई, भोक न्हाई.

ओळंबा
हेच योग्य. वाढीव भागाच्या लादीला सन्कच्या बाजूला उतार द्या, मशीनचा पाइप निसटला तरी पाणी बेडरूमकडे जायला नको. आणि सन्क आणि साध्या स्लॅबच्या सांध्यावर वॉटरप्रूफिंग बीमच्या माथ्यावरून पुढे वाढीव भागात फूटभर तरी न्या. बहुतेक जण सन्कच्या काठावर थांबतात आणि दोन वर्षांनी तिथेच ओल येते. सन्क भरण्याआधी पाणी भरून ठेवून खालून बघा.

लाल_माती
आणि दारातून कमोड दिसतो त्याचं काय?

सायली_क
दार उलट्या बाजूला उघडेल असं बिजागऱ्या बदला, म्हणजे उघडलेलं दारच आड येईल. नाहीतर कमोडच्या बाजूला साडेतीन फुटी अर्धी भिंत. तुमच्या चौकटी बसल्या का? बसल्या नसतील तर फुकटात होईल.

लाल_माती
चौकटी बसल्यात. पण बाथरूमची फायबरची आहे, प्लास्टर नंतर असल्यामुळे निघेल म्हणतो गवंडी. बघतो.

गावठी_इंजिनिअर
झिऱ्या (पाइपसाठी भिंतीतल्या खाचा) मारल्यात का? चिऱ्यात आडव्या झिऱ्या मारताना सांभाळा. आय. एस. 1905 (विटा-दगडी भिंतींचं भारतीय मानक) प्रमाणे उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांश, आडवी एक षष्ठांश. 9 इंची भिंतीत आडवी झिरी दीड इंचाच्या वर नाही. बेसिनचा वेस्ट आडवा फिरवणार असाल तर हे लक्षात घ्या.

पाईपवाला
भार फ्रेमवर हाय, भिंतीवर न्हाई. सव्वा इंची पाइपाला दोन इंच झिरी लागतीच. चिरा ग्रायंडरनं लोण्यागत कापतो, फक्त हातोडा-छिन्नी नको, शेजारचा चिराबी ढिला हुतो. झिरीवर जाळी मारून मग प्लास्टर.

गावठी_इंजिनिअर
भिंत आपल्या पायावर उभी राहायला नको का? आणि चिरा पाणी पितो. आत सांधा गळला तर ओल भलतीकडेच दिसते, शोधत बसाल. मी तर म्हणतो सगळं पाइपिंग उघड्यावर करा.

पाईपवाला
उघड्यावर करून बघा तुमच्या घरात. टेस्ट केली की गळत न्हाई. हातपंप लावायचा, सोल्युशन लावल्यापास्नं एक दिवस सुकू द्यायचं, मग दहा किलोचं प्रेशर चढवून काटा सोडून चहाला जायचं. परत येऊन काटा तिथंच पायजे. आणि सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाइपाच्या) पितळी आट्यांना टेफ्लॉन टेप, जुन्या पद्धतीचा सफेदा-सुतळी न्हाई. तुमचा प्लंबर सळई कापून वेल्डिंग मारणारा, तो सफेद्याचाच असणार.

लाल_माती
त्याने "नळ उघडून बघू की" असं सांगितलंय टेस्टबद्दल.

ओळंबा
मग प्रेशर पंप तुम्हीच भाड्याने आणा. आणि प्लास्टरवाल्याला बाथरूम शेवटी ठेवायला सांगा, सोमवार चुकत नाही, बाकीच्या खोल्या सुरू होऊ देत.

चिरेबंदी_वाडा
विहीर आहे का? संडासाची टाकी तिच्यापासून लांब घ्या हो. जांभ्यातून पाणी झिरपत कुठे जाईल सांगता येत नाही.

ओळंबा
काकूंचा हा मुद्दा अगदी बरोबर. शोषखड्डा विहिरीपासून 18 मीटर, म्हणजे साठ फूट तरी. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा पाणी घेत नाही, तेव्हाचाही विचार करा.

लाल_माती
विहीर शेजाऱ्याची आहे, टाकी दुसऱ्या अंगाला आहे, झालं ते. आत्ताच दोघांनाही फोन केला. कमोड सन्कमध्ये येतोय, बीमला हात नाही. गवंडी खूश. प्लंबर म्हणतो लाइन बदलायचे वेगळे पैसे, ते उद्या बघू. शेवटचा प्रश्न: मशीनचा ड्रेन पाइप भिंतीत किती उंचीवर काढू? झिरी उद्याच मारणार आहे.

पाईपवाला
मशीन कुठलं? फ्रंट लोडला पंप असतो, पाणी वर फेकतं, दोन-अडीच फुटावर तोंड काढा. सेमी असंल, किंवा बिनपंपाचं टॉप लोड, तर पाणी खाली आपोआप पडतं, त्याला फरशीलगत ट्रॅप लागतो. म्हंजे परत सन्क.

लाल_माती
मशीन अजून घेतलं नाही.

सायली_क
फ्रंट लोडच घ्या मग.

चिरेबंदी_वाडा
आमच्याकडे एक सेमी ऑटोमॅटिक आहे, चालू स्थितीत, सून वापरत नाही. रत्नागिरीतून न्यायची सोय असेल तर निरोप टाका.